मीठवाल्या भिवराबाईची जोखीम

फार पूर्वी, समुद्राचं पाणी खाडीतून जिथे थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत येतं, अशा एका गावात मीठ शिजवणारी एक बाई राहत होती. तिचं नाव भिवराबाई.

मीठ शिजवायचं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. खाडीचं खारं पाणी मोठाल्या काहिलींत भरायचं, खाली चुलाणात लाकडं पेटवायची आणि पाणी आटेपर्यंत जाळ घालत राहायचं. पाण्याची वाफ होऊन जायची आणि काहिलीच्या तळाशी पांढरंशुभ्र, बारीक मीठ उरायचं. भिवराबाईच्या सासऱ्यांनी हेच केलं, नवऱ्यानं हेच केलं. नवरा वारल्यावर ती आणि तिचा धाकटा दीर सदोबा मिळून हेच करत होते. गावातली निम्मी घरं त्यांच्या चुलाणांवर जगत होती. कुणी लाकडं फोडायचं, कुणी जाळ घालायचं, कुणी उकळतं पाणी ढवळायचं. दरसाल पावसाळ्याच्या आधी घाटावरून वंजाऱ्यांचा तांडा यायचा आणि बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून परत घाट चढायचा.

एका वर्षी तांड्याचा नाईक गोण्या लादून झाल्यावरही निघेना. तो भिवराबाईच्या ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "बाई, गेल्या वर्षी माझे काही बैल रिकाम्या पाठीनं घाट चढले. या वर्षी त्याहून जास्त चढतील. तुमचं मीठ कमी का पडतंय?"

"लाकूड वेळेवर येत नाही हो," भिवराबाई म्हणाली. "जवळचं रान संपलं. आता गाड्या डोंगर ओलांडून पलीकडच्या उतारावर जातात. येईपर्यंत चुलाण थंड पडतं."

नाईकानं मान हलवली. मग म्हणाला, "मी दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे लोक मीठ शिजवत नाहीत, पिकवतात. भरतीचं पाणी वाफ्यांत अडवतात आणि उन्हात आटवतात. त्याला लाकडाची काडी लागत नाही. मीठ तुमच्यासारखं पांढरं नसतं, जाडं असतं, पण खारट तितकंच. बाई, तुमच्याशी माझं वैर नाही. पण मला घाटावरच्या गावांना मीठ पोचवायचं आहे. इथे मिळालं नाही तर मी तिकडे जाईन."

तांडा गेला. भिवराबाईला त्या दिवसांत घास गोड लागेना.

तिनं ही गोष्ट सदोबाला सांगितली तेव्हा तो मोठ्यानं हसला. "वहिनी, पलीकडच्या तीरावरच्या लखमाशेठचं काय झालं ते विसरलात? त्यानंही असंच ऐकलं. सगळी चुलाणं मोडली, काहिली विकल्या आणि वाफे केले. अवकाळी पाऊस आला आणि एका दुपारी सगळं मीठ परत खाडीत गेलं. अजून पोरं त्याच्यामागे 'पाऊसशेठ' म्हणून ओरडतात. जाळ आपल्या हातात असतो. ऊन कुणाच्या हातात असतं?"

हे खोटं नव्हतं. लखमाशेठची फजिती साऱ्या खाडीला माहीत होती. गावातल्या ज्याला ज्याला भिवराबाईनं विचारलं, त्यानं त्यानं हेच नाव घेतलं. पण तिच्या एक गोष्ट लक्षात आली. लखमाशेठचं नाव सगळे घेत होते, त्याला जाऊन विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

म्हणून एक दिवस ती होडीत बसून पलीकडे गेली.

लखमाशेठ गुडघाभर चिखलात उभा राहून बांध घालत होता. तिला पाहून तो ओशाळला. "तुम्हीही हसायला आलात का, बाई?"

"हसायचं असतं तर अलीकडून हसले असते. एवढं वल्हवत कशाला आले असते? मला सांगा, तुमचं मीठ कशामुळे गेलं?"

"पावसामुळे."

"एवढंच?"

त्यानं फावडं खाली ठेवलं. हात धुतले. तिला बांधावर बसायला सांगितलं आणि स्वतः जरा लांब बसला. मग तो बोलू लागला. "खरं सांगू? हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं. पाऊस आला तेव्हा निम्मं मीठ वाफ्यांत होतं. ते जाणारच होतं. पण बाकीचं निम्मं ढिगानं काठावर पडून होतं. भाव चढेल म्हणून मी ते उघड्यावर ठेवलं होतं. वर गवत टाकलं असतं तरी वाचलं असतं. बांध मी रेतीचे घातले होते, कारण चिकणमाती लांबून आणावी लागते. आणि मला घाई होती. त्यात चुलाणं मोडलेली. पाऊस थांबल्यावर पुन्हा जाळ घालून वर्ष निभावलं असतं, पण काहिली होत्या कुठे?"

"मग आता पुन्हा बांध घालताय ते?"

"मीठ झालं होतं, बाई. पाऊस येईपर्यंत माझे वाफे मिठानं भरले होते. एवढं मीठ मी जन्मात पाहिलं नव्हतं. लोकांनी माझं बुडणं पाहिलं, ते भरलेले वाफे कुणी पाहिले नाहीत." तो उठला आणि पुन्हा चिखलात उतरला. "चिकणमाती वापरा. आणि तळ पायांनी तुडवून दगडासारखा करा, नाहीतर पाणी खाली मुरतं."

परतताना भिवराबाई वल्हं मारत होती, पण तिचं लक्ष होडीत नव्हतं. पलीकडे जाताना तिच्या मनात एकच भीती होती, पावसाची. आता तिला त्या भीतीचे तुकडे दिसू लागले होते. काही तुकडे आपल्या हातातले होते, जसे बांध, गवत, घाई. काही हातातले नव्हते. सगळं आभाळावर घालून मोकळं होण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर तिनं सगळ्यांना चुलाणांपाशी बोलावलं. लाकूडतोडे आले, गाडीवान आले, जाळ घालणारे आले, काहिली ढवळणाऱ्या बाया आल्या. सदोबाही आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"उन्हावर मीठ पिकवायचं म्हटलं तर काय काय बिघडेल?" तिनं विचारलं.

बोलायला कुणाला उशीर झाला नाही. पाऊस येईल. आभाळ भरून राहील. उधाणात बांध फुटेल. मीठ काळपट निघेल आणि कोणी घेणार नाही. जाळ घालणाऱ्यांपैकी एक जण जरा चढ्या आवाजात म्हणाला, "आणि काकी, आम्ही काय करायचं? उन्हाला कुणी जाळ घालायला ठेवतं का?"

"बरोबर बोललास," भिवराबाई म्हणाली. "हे सगळं खरं आहे. आता दुसरं सांगा. आहे तसंच चालू ठेवलं तर काय काय बिघडेल?"

यावर मात्र कोणी बोलेना. माणसं एकमेकांकडे बघू लागली. प्रश्नच विचित्र वाटला त्यांना. चुलाणं तर चालूच होती.

शेवटी एक गाडीवान घसा खाकरून म्हणाला, "तसं म्हटलं तर... पलीकडच्या उतारावरही आता मोठी झाडं फार नाहीत. दोन पावसाळे. मग अजून पुढे जावं लागेल."

"माझ्या नवऱ्याची नजर धुरानं गेली," ढवळणाऱ्या बायांमधली एक जण खाली बघत म्हणाली. "माझीही अधू होत चाललीय."

"त्या उताराखालच्या डोंगरवाडीचे लोक चिडलेत," दुसरा गाडीवान म्हणाला. "त्यांचा झरा आटला. झाडं तोडल्यामुळे आटला म्हणतात. परवा त्यांनी माझी गाडी अडवली होती. मी काकींना सांगितलं नाही."

"आणि तांडा यायचा थांबला तर?" कुणीतरी मागून म्हणालं.

सदोबा वैतागला. "हे काय आज नव्यानं झालंय का? धूर कायमचाच आहे. लाकडाची ओढाताण कायमचीच आहे."

"भाऊजी, कायमचं आहे म्हणूनच आपण ते मोजत नाही," भिवराबाई म्हणाली. "नवं म्हटलं की त्यातला खड्डा न् खड्डा दिसतो आपल्याला. जुन्यातले खड्डे पायाखालचे झालेत."

त्यानंतर कितीतरी दिवस ती विचारच करत होती. सगळी चुलाणं विझवायची हिंमत तिच्यात नव्हती, आणि ती तसं कबूलही करायची. काहीच न करता बसणंही तिला जमेना. शेवटी तिनं स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. आपण जेवढं उन्हावर लावू, तेवढं सगळं एका पावसात वाहून गेलं, तर आपल्यावर अवलंबून असलेल्या घरांत भात शिजेल का? शिजेल, असं उत्तर येईल तेवढंच लावायचं. त्याहून एक वाफा जास्त नाही.

खाडीलगत गावाची खाजणाची जागा होती, जिथे गवतही उगवत नव्हतं. तिथे तिनं थोडेच वाफे आखले. चिकणमाती लांबून आणली. जाळ घालणाऱ्या माणसांनाच तिनं बांधावर घेतलं. "उन्हाला जाळ घालावा लागत नाही," ती त्या चढ्या आवाजाच्या माणसाला म्हणाली, "पण बांधाला डोळा लागतो. भरती कधी आत घ्यायची, बांधातल्या उघाडीचं दार कधी बंद करायचं, मीठ कधी ओढायचं, हे कोण बघणार? तूच बघणार." त्यानं मान हलवली. पटलं म्हणून नाही, पण काम होतं म्हणून.

बाकी चुलाणं तिनं चालूच ठेवली.

सदोबाला हे मान्य नव्हतं. तो भांडला नाही, पण एक दिवस म्हणाला, "वहिनी, माझ्या वाट्याच्या काहिली मला वेगळ्या करून द्या. तुमचं चिखलातलं काम तुम्हाला लखलाभ. मी आमच्या बापाचं काम करीन."

भिवराबाईला हे फार लागलं. सदोबा लहान असताना तिनंच त्याला जेवू घातलं होतं. पण तिनं काहिली मोजून दिल्या, चांगल्यातल्या चांगल्या दिल्या, आणि दारापर्यंत पोचवायला गेली.

पहिल्याच वर्षी फाल्गुनात पाऊस पडला.

सकाळपासून हवा कोंदली होती. माणसांनी धावपळ करून काठावरच्या ढिगांवर गवत टाकलं, पण वाफ्यांत तयार होत आलेलं मीठ कसं झाकणार? दुपारी सरी कोसळल्या. भिवराबाई बांधावर उभी राहून बघत होती. पांढऱ्या कडा विरत गेल्या आणि वाफ्यांत नुसतं गढूळ पाणी उरलं. ती चिंब भिजली, पण घरी गेली नाही. त्या वेळी तिला सदोबाचं चुलाण दिसत होतं. छपराखाली लालभडक जाळ, वर काहील, आणि पावसाचं त्याला काहीच नाही.

"काकी, चला आता," जाळ घालणारा तो माणूस म्हणाला.

"मी चुकले का रे?"

त्यानं बांधावरून टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाला, "बांध एकही फुटला नाही, काकी."

गाव हसलं. लखमाशेठचं नाव आता भिवराबाईच्या नावाला जोडून घेतलं जाऊ लागलं. पण त्या वर्षी तिच्या एकाही माणसाचं घर उपाशी राहिलं नाही. चुलाणं चालू होती, आणि गवताखालचं मीठही बरंचसं वाचलं होतं. तिनं तेवढंच मोजलं आणि पुन्हा खाजणात उतरली.

पुढची दोन वर्षं ऊन चांगलं पडलं. वाफे भरले. मीठ जाडं निघालं, जरा करडं, पण नाईकानं मूठभर तोंडात टाकून मान डोलावली. "मासे खारवायला तर हेच बरं," तो म्हणाला. वाफे वाढले तसं भिवराबाईनं एकेक चुलाण विझवलं. पण वाफ्यांनी आधी भरून दाखवल्याशिवाय तिनं एकही विझवलं नाही. आणि मीठ जास्त झालं त्या वर्षी सगळं विकलं नाही. नाईक मागत होता, चांगला भाव देत होता, तरी तिनं एका कोठारात थोडं मीठ मागे ठेवलं. "वाईट वर्षासाठी," ती म्हणाली. लोकांना हे कंजूषपणाचं वाटलं.

मग तो पावसाळा आला.

असा पाऊस कुणी पाहिला नव्हता. श्रावणात एका दुपारी डोंगराच्या पलीकडून मोठा गडगडाट ऐकू आला. आधी सगळ्यांना वाटलं वीज पडली. संध्याकाळपर्यंत बातमी आली. डोंगरवाडीच्या वरचा उतार खचला होता. माणसं शेतात लावणी करत होती म्हणून वाचली. पण घरं गेली, गोठे गेले, गोठ्यातली जनावरं गेली. ज्या उतारावर झाडं उरली नव्हती, तोच उतार खाली आला होता.

भिवराबाई मीठ आणि तांदूळ घेऊन डोंगरवाडीला गेली. तिथल्या एका म्हाताऱ्यानं तिच्या हातातलं सामान घेतलं. तो तिला म्हणाला, "बाई, तुमचं मीठ आम्ही खाल्लं आणि आमची झाडं तुमच्या काहिलीखाली गेली. आता पुरे."

ती मान खाली घालून परत निघाली. तिनं धोका मोजला होता, पण आपल्या बाजूनं मोजला होता. लाकूड महागेल, गाडी अडेल, तांडा जाईल. आपल्या जाळाचा धोका दुसऱ्याच्या घरावर कोसळेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. घरी आल्यावर तिनं उरलेल्या चुलाणांपैकी एक सोडून बाकी सगळी विझवली.

डोंगरवाडीच्या आणि आसपासच्या वाड्यांच्या लोकांनी मिळून ठरवलं की यापुढे डोंगरावरचं एकही झाड तोडू द्यायचं नाही. गाड्या रिकाम्या परत आल्या.

सदोबानं बरीच धडपड केली. लांबून होड्यांतून लाकूड आणवलं, ते ओलं निघालं. जुन्या गोठ्याचे वासे जाळले. काही दिवस धूर निघाला, मग तोही बंद झाला. त्याच्या माणसांनी वाट पाहिली, आणि एकेक जण उठून दुसरीकडे काम शोधायला गेला. थंड काहिलींना गंज चढला.

त्या वर्षी ऊनही बेताचंच पडलं. भिवराबाईचे वाफे अर्धेमुर्धे भरले. पण कोठार होतं. तांडा आला तेव्हा सगळ्या गोण्या भरल्या नाहीत तरी बऱ्याच भरल्या, आणि नाईकानं दक्षिणेचं नाव काढलं नाही.

तांडा गेल्यावर सदोबा आला. ओसरीवर चढला नाही, अंगणातच उभा राहिला. खूप वाळला होता. भिवराबाईनं आधी त्याला पाणी दिलं. मग भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. तो जेवला. जेवून झाल्यावर म्हणाला, "वहिनी, एक विचारू? उन्हावर तुमचा एवढा विश्वास कसा बसला? मला का नाही बसला?"

"माझा उन्हावर कधीच विश्वास नव्हता, भाऊजी," भिवराबाई म्हणाली. "ऊन फसवणार, हे मी पहिल्या दिवसापासून धरून चालले. म्हणून चिकणमाती आणली, गवत ठेवलं, कोठार भरलं, पडलेल्या काटक्यांवर चालेल असं एक चुलाण अजून ठेवलंय. मला रोज भीती वाटत होती. अजून वाटते."

"मग?"

"तुम्हाला जाळाची भीती कधी वाटलीच नाही. त्यामुळे जाळ विझला तर काय करायचं, हे तुम्ही कधी ठरवलंच नाही."

सदोबा ताटातल्या उरलेल्या मिठाच्या खड्याकडे बघत बसला. त्याचे डोळे भरून आले होते. तिनं तिकडे पाहिलं नाही. ती उठली, ताट उचललं आणि आत जाता जाता म्हणाली, "खाजणाची वरची बाजू अजून मोकळी आहे. तुमची माणसं परत बोलवा. चिकणमाती कुठून आणायची ते मी दाखवते. पण पहिल्या वर्षी थोडेच वाफे करा हं, भाऊजी. पाऊस पडेल."

तात्पर्य विचाराल तर इतकंच: नव्या वाटेवरचा धोका आपल्याला लगेच दिसतो, आणि जुन्या वाटेवरचा सवयीनं दिसेनासा होतो. शहाण्यानं दोन्ही मोजावेत, त्यात आपल्यामुळे दुसऱ्यावर येणारा धोकाही धरावा, आणि मग चुकलं तरी पुन्हा उभं राहता येईल एवढं पाऊल टाकावं, पण टाकावं.